टॉकीजच्या दारातला फळा

पिक्चर अडीच तासांत सुटायचा, पण चाचांच्या तावडीतून सुटायला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागायची. शहाद्याच्या आमच्या टॉकीजचं बाहेर पडायचं दार दोन झडपांचं होतं. चाचा त्यातली एकच झडप उघडत आणि दुसरीला पाठ लावून उभे राहत. पांढरा सदरा, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा, खिशात दोन पेनं, त्यातलं एक वर्षानुवर्षं आटलेलं. माणसं एकेक करून बाहेर येणार आणि प्रत्येकाला तोच सवाल, "कसा वाटना?"

"बरा" म्हटलेलं चालत नसे. "बरी ते तब्येत बी ऱ्हास. पिक्चरनं सांग," असं म्हणून ते माणसाला अडवून धरत. मागे रांग तुंबायची, कुणाची एसटी निघून जायची, कुणाचं लेकरू रडायचं. लोक वैतागायचे, पण काहीतरी सांगितल्याशिवाय पुढे सरकता यायचं नाही. एकदा एका नवरदेवाला नव्या नवरीसमोर "झोप लागी गयी" असं कबूल करावं लागलं होतं, तेव्हा ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मला अजून आठवते.

चाचा टॉकीजचे मॅनेजर. त्यांचं घराणं शहाद्यात पिढ्यान्‌पिढ्या. वडिलांचा बांगड्यांचा धंदा, प्रकाशा गावच्या जत्रेत त्यांचं दुकान लागायचं. गाव त्यांना चाचा म्हणायचं, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. अहिराणी असं बोलायचे की खेड्यावरचा माणूस दोन वाक्यांत मोकळा व्हायचा. शाळेतली मराठी ते फक्त पिक्चरच्या वितरकाला पत्र लिहिताना काढत, आणि ते पत्र वाचून वितरकाला राग आलाय की हसू, हे कधी कळलं नाही.

मी त्यांचा पेंटर. सुरुवातीला पिक्चरची नावं ब्रशनं रंगवायचो. पुढे फ्लेक्स आला, मी ब्रश ठेवून मशीन घेतलं आणि वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली असलं सगळं छापायला लागलो. पोट त्याच्यावर चालतं. पण चाचांनी मला सोडलं नाही, कारण त्यांना खडूनं लिहिणारा हात हवा होता. एका शाळेनं टाकून दिलेला काळा फळा त्यांनी हातगाडीवरून आणून टॉकीजच्या दारात उभा केला होता. शो सुटला की ते विचारणार, लोक सांगणार, त्यातलं ते निवडणार आणि मी फळ्यावर लिहिणार. नाव कुणाचं नाही. फक्त गाव, आणि माणूस कुठे बसला होता ते: फर्स्ट, सेकंड, बाल्कनी. नाव का नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "नाव टाकं का मानूस नावनी काळजी करस, पिक्चरनी नही."

जसं बोललं तसं लिहायचं, हा दुसरा कायदा. तो मी एकदाच मोडला. ब्राह्मणपुरीचा एक शेतकरी सांगत होता की हिरो म्हैस बांधतो ते दावं त्यानं आयुष्यात हातात धरलेलं नाही, अशी गाठ मारली तर म्हैस पहाटेपर्यंत शेजारच्या कपाशीत. मला ते फळ्यावर बरं दिसेना. मी झोकात लिहिलं, 'तपशिलात त्रुटी आहेत.' चाचांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि खिशातला रुमाल काढून स्वतः पुसलं. "त्यानी म्हैस सांगी. म्हैस लिख," एवढंच म्हणाले. तो शेतकरी अजून तिथेच उभा होता. मी म्हैस लिहिली, दावं लिहिलं, कपाशी लिहिली, तेव्हा कुठे तो समाधानानं सायकलवर बसला.

वितरकाचा माणूस नंदुरबारहून यायचा तेव्हा फळ्याशी त्याचं भांडण ठरलेलं. एका मोठ्या गाजलेल्या पिक्चरवर एका आजीबाईंचं मत लिहिलं होतं: 'इतला येळ बठनू, एक बी मानूस जेवना नही.' खरंच त्या पिक्चरात कुणी घासभर खात नव्हतं. ते वाचल्यावर लोक आत जाऊन फक्त कोण जेवतं तेच बघायला लागले आणि रडायच्या प्रसंगाला हसायला लागले. वितरकाचा माणूस म्हणाला, हे पुसा. चाचा म्हणाले, पिक्चरमध्ये एकाला भाकर खाऊ घाला, लगेच पुसतो.

ही खोड टॉकीजपुरती असती तर ठीक. पण लग्नात पंगत उठली की हात धुणाऱ्यांच्या घोळक्यात चाचा हजर, "कसं वाटनं?" यजमान लांबूनच त्यांना बघून दुसरीकडे वळायचा. दवाखान्यात जायचे तर गावातल्या सगळ्यात महागड्या डॉक्टरकडे नाही, एका साध्या डॉक्टरकडे. का, तर तो आधी विचारतो. फक्त घरात त्यांचं चालत नसे. चाचींनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, "घर में मत पूछा करो, मैं सच बोल दूँगी." हल्ली ते सुरतेला मुलाकडे असतात. फोन केला की त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टविषयी कोण काय म्हणालं ते मला ऐकावं लागतं.

तर दोन दिवाळ्यांपूर्वी आमच्या टॉकीजला एक राजकीय विनोदी पिक्चर लागला. सुरुवातीलाच पाटी, 'सत्य घटनेवर आधारित'. एका पुलाचं उद्घाटन, त्यावरून भांडणारे दोन गट, आणि रिबिनीवरून झालेला सगळा गोंधळ. लोक पोट धरून हसत होते. मी मात्र पहिल्या दिवशी रिबीन यायच्या आत उठून बाहेर आलो, कारण ती सत्य घटना त्या पिक्चरवाल्यांना मी सांगितली होती.

झालं होतं असं. प्रकाशाच्या बाजूला आत एक गाव आहे, नाव राहू दे. त्या गावच्या नाल्यावर पूल झाला. पूल आपल्यामुळे झाला असं गावातले दोन्ही गट म्हणत होते. कुणी मागे हटेना, म्हणून दोघांनी एकाच दिवशी, एकाच मुहूर्तावर उद्घाटन ठेवलं, एकाचं अलीकडून, एकाचं पलीकडून. दोन मांडव, दोन बँड, दोन रिबिनी. दोन्हीकडच्या पाट्या अर्थात मीच रंगवल्या होत्या. फक्त भटजी दोघांचे एकच होते, कारण गावात दुसरे नव्हते.

अलीकडचे प्रमुख पाहुणे होते आप्पा. तालुक्यातला वजनदार माणूस. माझ्या दुकानात फ्लेक्स निम्मे त्यांचे आणि उरलेले त्यांच्या माणसांचे. ऐन वेळी आमच्या बाजूचा एक बांबू उखडला, म्हणून रिबिनीचं ते टोक हातात धरून मीच खांबासारखा उभा होतो. मुहूर्ताची वेळ झाली आणि कळलं की भटजी पूजेचं ताट घेऊन पलीकडे गेलेत आणि कात्री त्या ताटात आहे. पलीकडच्या माईकवर पाहुण्यांचं नाव पुकारलं गेलं. कात्री वर झालेली इकडून दिसत होती. आप्पांनी एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, खाली वाकले आणि रिबीन दातांनी तोडली.

लोक मागे उभे होते. त्यांना दिसली ती आप्पांची वाकलेली पाठ. त्यांना वाटलं, आप्पांनी पुलाला नमस्कार केला. काय टाळ्या पडल्या. पलीकडची कात्री तशीच हवेत राहिली, कारण तिकडचे लोकसुद्धा इकडे बघायला लागले होते. पेपरात पाठमोरा फोटो आला, खाली 'नतमस्तक' असा मथळा. तोच फोटो मी पुढे दर वर्षी आप्पांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर टाकत आलो. दात फक्त मी पाहिले होते, आणि मी पाहिलेत हे फक्त आप्पांना माहीत होतं.

सहा-सात वर्षं मी गप्प राहिलो. मग ती पिक्चरवाली मंडळी आमच्या भागात आली. त्यांना जुन्या पद्धतीच्या रंगवलेल्या पाट्या हव्या होत्या. मोठी गोड माणसं, चहा पाजला, माझ्या अक्षराचं कौतुक केलं, आणि मी दात सांगून मोकळा झालो. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी बायको लग्नापासून सांगते. त्या दिवशी ते मला पटलं नव्हतं, पिक्चर लागल्यावर पटलं.

इकडे फळा रोज भरत होता. ब्राह्मणपुरी, फर्स्ट: 'खूप हासनूत. मंग ध्यानमा उनं, हाऊ पूल ते आपलाच शे.' प्रकाशा, बाल्कनी: 'पिक्चरना पुढारी चांगला शे. आम्हना यान्हापेक्षा वाईट शे.' धडगावहून जीपमध्ये कोंबून खाली बाजाराला आलेले एक बाबा पिक्चर बघून गेले. त्यांनी त्यांच्या पावरी बोलीत सांगितलं, चाचांनी ते दोनदा म्हणवून घेतलं आणि मला तसंच लिहायला लावलं. अर्थ असा, की यांच्याकडे एका पुलाला दोन रिबिनी, आमच्या पाड्याला अजून एकपण आली नाही. नवापूरकडच्या डोंगरातली एक बाई मुलीला कॉलेजात सोडायला आली होती. ती शाळेतल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "हसले मी. पण त्या पुलावरून रोज कोण जाणार होतं, ते पिक्चरमध्ये कुठे दिसलं नाही." चाचांनी बोटानं फळ्याची वरची कड दाखवली. म्हणाले, वरती लिख, सगळ्यांच्या वरती.

चौथ्या दिवशी दुपारी आप्पांची पोरं आली. आठ-दहा जण, सगळे माझ्या ओळखीचे, सगळ्यांचे फोटो मी कधी ना कधी फ्लेक्सवर गोरे केलेले. त्यांचा पुढारी चाचांना म्हणाला, "आप्पानी पूलले नमस्कार करा व्हता. बठा तालुकानी देखं. अन्‌ आठे दातघाई रिबीन तोडतस? हाई बदनामी शे. पिक्चर बंद करा."

"तुम्ही देखा का पिक्चर?" चाचांनी विचारलं.

"आम्हले देखानी गरज नही. फळावर लिखा, पिक्चर खोटा शे."

"जो देखस त्यानंच लिखतस आठे. बठा आतमा, देखा, बाहेर या. खोटा म्हनशात ते खोटा लिखसू, मोठा अक्षरमा लिखसू."

पोरं चिडली. एकानं फळ्याला लाथ घालायला पाय उचलला, पण फळ्यामागे मी होतो, आणि ओळखीच्या माणसाला लाथ मारायला तो लाजला. शेवटी पुढारी म्हणाला, "ठीक शे. आते आप्पालेच लयतस. उद्या, तीनना शोमा. आप्पा सांगतीन तेच लिखा. अन्‌ आप्पा खोटा म्हनात, ते पिक्चर उतरी."

"लया," चाचा म्हणाले, खुशाल आणा.

पोरं गेल्यावर मी हिशोब मांडला. आप्पा 'खोटं' म्हणाले तर पिक्चर उतरणार, आणि पिक्चरवाल्यांपुढे मी खोटारडा ठरणार. आप्पा खरं बोलतील हे शक्य नव्हतं, कारण सगळ्या तालुक्यापुढे आपले दात कोण कबूल करणार? आणि काहीही बोलले तरी, हे कुणी सांगितलं ते त्यांना पडद्यावर रिबीन दिसताक्षणीच कळणार होतं. माझं दुकान ज्या माणसावर चालतं तो माणूस उद्या दारातून बाहेर येणार आणि मी समोर खडू घेऊन उभा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी चाचांना गाठलं. त्यांच्या केबिनमध्ये चहा आला होता. म्हटलं, "चाचा, आप्पाले बाल्कनीना जिनाकडथाईन काढी द्या. दारवर इचारू नका."

"काबरं?"

मग मी सगळं सांगितलं. बांबू, ताट, दात, चहा. चाचांनी बशीतला चहा संपवला. मग विचारलं, "तू सांगं ते खरं का खोटं?"

"खरं."

"वरथाईन काही लायं का?"

"काहीच नही."

"मंग खडू घट्ट धर."

"अन्‌ आप्पानी तुम्हले इचारं, कोनी सांगं ते?"

"तुन्हाकडे धाडसू. ज्यानी गोट त्यानी सांगानी. मी लोकेस्नी गोट सांगत नही, इचारस."

मला त्यांचा इतका राग आला की मी चहा तसाच ठेवून निघालो. माझ्या पोटावर पाय येतोय आणि हा म्हातारा स्वतःचे कायदे सांभाळत बसलाय. रस्ताभर मी मनात त्यांना नको नको ते बोललो. आज कबूल करतो, दुकान बंद करून बायकोच्या माहेरी तळोद्याला निघून जायचाही विचार केला. पण पावणेतीनला पाय आपोआप टॉकीजकडे वळले. का वळले ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आप्पा आले, बाल्कनीत बसले. आजूबाजूला पोरं. बातमी फुटली होती, टॉकीज गच्च भरलं होतं. मी बाहेर भिंतीला टेकून आतलं हसू ऐकत होतो. पिक्चर मला आता आवाजावरून पाठ होता. दोन बँडवर हसले, भटजीवर हसले, ताट पलीकडे गेलं तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. मग रिबीन आली. रोज त्या जागी छप्पर उडायचं. त्या दिवशी आवाज बंद झाला. मला कळलं, सगळं टॉकीज पडदा सोडून वर बाल्कनीकडे बघतंय.  मी फळ्याशी जाऊन उभा राहिलो आणि खडू घट्ट धरला.

शो सुटला. चाचा नेहमीच्या जागी, झडपेला पाठ लावून. लोक बाहेर पडले पण कुणी घरी जाईना, अंगणात उभे राहिले. शेवटी आप्पा आले, मागे पोरं.

"कसा वाटना, आप्पा?" चाचांनी विचारलं. जसं ब्राह्मणपुरीच्या शेतकऱ्याला विचारत तसंच, तितक्याच आवाजात.

आप्पांनी अंगणातल्या गर्दीकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुलावर बघितलं होतं तसंच. मी म्हणालो, "आप्पा, पिक्चरवालास्ले मी सांगं." 

"दुसरा कोन सांगी?" आप्पा म्हणाले. मग चाचांकडे वळून, लग्नात आहेर पुकारतात तसं मोठ्यानं म्हणाले, "लिखा. पिक्चर चांगला शे. पन त्यानी रिबीन तीन झटकामा तोडी. मी एकच झटकामा तोडी व्हती. तितलं खोटं शे."

क्षणभर कुणाला कळेना हसायचं की नाही. मग गर्दीतून कुणीतरी फुसकन हसलं आणि बांध फुटला. आप्पांची पोरंसुद्धा हसायला लागली, आधी तोंड लपवून, मग उघड. मी लिहायला लागलो. माझ्या जन्मात इतकं मोकळं मी कधी लिहिलं नसेल. गाव लिहिलं, बाल्कनी लिहिलं, एक झटका लिहिला.

"नाव टाक," आप्पा म्हणाले.

"आठे नाव टाकतस नही," चाचा म्हणाले.

आप्पांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. ज्याचं नाव दर चौकात टांगलेलं असतं त्या माणसाला असं कुणी म्हटलं नसेल. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि पोरांना गाडी काढायला पाठवून दिलं.

पोरं गेल्यावर ते फळ्याजवळ आले. मला वाटलं, आता खरं बोलणं होणार. ते झालंच, पण मला वाटलं होतं ते नाही. आवाज खाली आणून म्हणाले, "तुले काय सांगू, पेंटर. त्या नमस्कारनी माले मारी टाकं. तवयपाईन जठे जास तठे लोके वाट देखतस, आप्पा आते वाकतीन. टाकीले वाकनू, शाळाले वाकनू, संडासना उद्घाटनले बी वाकनू. जे मी करंच नही, त्यानं कौतुक आयकी आयकी कान पिकनात. कंबर गयी मन्ही. मन्ही धल्लीले, मन्ही बायकोले बी सांगता उनं नही." थांबले. कमरेवर हात ठेवला. "आते मी सरळ उभा ऱ्हासू. वाढदिवसनं फ्लेक्स तूच कर. पन तो वाकेल फोटो टाकू नको."

मला भरून आलं. सुटलो, या भावनेनं आधी, आणि मग या माणसासाठी, जो माझ्या छापलेल्या फोटोखाली इतकी वर्षं वाकून राहिला होता. दर वर्षी मीच तो फोटो मोठा करत आलो होतो. आप्पा वळून गाडीकडे निघाले.

मी अजून त्याच आनंदात होतो. हाताला सवय. फळ्यावर खाली दोन ओळींची जागा शिल्लक होती. मी खडू टेकवला आणि 'कंबर'मधला 'क' काढला.

चाचांनी माझं मनगट धरलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, कारण ते तिथेच होते, झडपेपाशी. "हाई नही लिखानं," ते म्हणाले. "आपन इचारं ते लिखं. हाई त्यानी बिनइचारं सांगं. हाई फक्त तुन्हं शे."

त्यांनी तो 'क' बोटानं पुसला आणि दिवे लावायला आत गेले.